पाक आणि साफ

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील एका विद्यार्थिनीने आपल्या आईच्या हाती माझ्याकडे एक चिठ्ठी पाठविली. ती तालुक्याच्या महाविद्यालयात शिकते. जाताना डोळ्यांत काजळ घालते, चेहऱ्याला थोडे प्रसाधन लावते. पाण्याने न निघणाऱ्या काजळाचा थर त्वचेपर्यंत पाणी पोहोचू देत नाही आणि तो काढल्याशिवाय वुजू पूर्ण होत नाही, हे तिला माहीत होते. म्हणून घरी आल्यावर अस्रच्या वुजूपूर्वी ती हाताच्या पंजाएवढ्या एका मऊ कापडाने चेहरा पुसून काढते. हे कापड नुसत्या पाण्यात भिजविले तरी काजळ उतरविते. कापसाचे बोळे रोज फेकावे लागत नाहीत, एकच कापड महिनोन्‌महिने चालते. पुसून झाले की ती ते नळाखाली खळबळते आणि न्हाणीघरातील खिळ्याला अडकविते.

तक्रार दादीची होती. दादीचे म्हणणे असे की, ते कापड नापाक झाले आहे, त्याला वास येतो आणि त्याने पुसलेल्या तोंडाने नमाज होणार नाही. एके दिवशी दादीने ते उचलून लादी पुसण्याच्या फडक्यांत टाकून दिले. मुलीने मला विचारले होते, “हे कापड नापाक आहे का? असेल तर किती वेळा धुवावे?”

मी त्याच कागदाच्या मागे चार ओळी लिहिल्या. घाम नापाक नाही, त्वचेचे तेल नापाक नाही, काजळ नापाक नाही. वुजूत वापरले गेलेले पाणी पुन्हा वुजूस चालत नसले, तरी तेही पाकच असते. मुरुम फुटून कापडाला रक्ताचा एखादा ठिपका लागला, तर तेवढ्याची शरीअतमध्ये सवलत आहे. सबब कापड पाक आहे, नमाज दुरुस्त आहे. आमची वस्ती कोकणातल्या बहुतेक वस्त्यांप्रमाणे शाफई, माझे शिक्षण हनफी मदरशातले. त्यामुळे मी दोन्ही मसलकांचा विचार करून उत्तर लिहिले आणि उत्तर बिनचूक होते. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

आठ दिवसांनी दादी नातवाला न्यायला मकतबच्या दाराशी आल्या. सलाम झाला. मग म्हणाल्या, “मौलाना, पाक आहे ते समजलं. पण धुवायचं की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही. आता धाकटीही त्यानंच तोंड पुसते.”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप येईना. कारण हे माझ्या हातून दुसऱ्यांदा घडले होते.

पहिल्यांदा घडले ते २०२३ च्या पावसाळ्यात. वाचकांना आठवत असेल, त्या वर्षी महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती. त्याच्या थोडे आधी आमच्या जमातीतले एक गृहस्थ आखातातून सुट्टीवर आले होते. मरहूम वडिलांच्या ईसाले-सवाबसाठी त्यांनी मस्जिदला बारा नवे टॉवेल दिले. वुजूखान्यात हौदाच्या कडेला दोन टॉवेल लटकू लागले, बाकीचे कपाटात राहिले. लटकलेले दोन बदलण्याचे काम कोणाचे, हे ठरले नाही. जे काम कोणाचेच नसते ते होत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. ते टॉवेल सकाळी ओले, दुपारी ओले, इशाला त्याहून ओले. एके दिवशी एका वृद्ध मुसल्लीने टॉवेल हातात घेतला, नाकाशी नेला आणि मला विचारले, “मौलाना, हा पाक आहे ना?”

मी म्हणालो, “पाक आहे.”

त्यांनी तोंड पुसले. पुढच्या पंधरवड्यात मकतबची निम्मी मुले लाल डोळे घेऊन घरी बसली. ते टॉवेलमुळेच झाले असे मी सिद्ध करू शकत नाही. साथ गावभर होती, मुले शाळेतही एकत्र बसत होती. पण टॉवेलमुळे झाले नाही, हेही मी सिद्ध करू शकत नाही. माझ्यापुरता प्रश्न साथीचा नव्हताच. त्या वृद्धाने मला खरे तर काय विचारले होते? मसला त्यांना माहीत होता, मस्जिदमध्ये त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्या नाकाने त्यांना काही सांगितले होते आणि ते माझ्याकडून खात्री करून घेत होते. मी त्यांच्या नाकावर माझा फतवा ठेवला.

आपण बोलताना “पाक-साफ” असे एका श्वासात म्हणतो. जणू एकाच वस्तूची ही दोन नावे आहेत. (मराठीत बी.ए. करीत असताना माझ्या तोंडी “पाक” शब्द आला की वर्गमित्र हसत. त्यांच्यासाठी पाक म्हणजे गुलाबजामचा. त्या निमित्ताने मला या शब्दांकडे नीट पाहायची सवय लागली.) अरबीत तहारत आणि नजाफत हे दोन वेगळे शब्द आहेत. तहारत म्हणजे शरीअतने ठरविलेली शुद्धता. तिच्या मर्यादा आखून दिलेल्या आहेत. ती नसेल तर नमाज होत नाही. नजाफत म्हणजे नाकाला, डोळ्याला, त्वचेला समजणारी स्वच्छता. वस्तू पाक असून मळकट असू शकते आणि पांढरीशुभ्र असूनही नापाक असू शकते. चिखल उडालेला शेतकऱ्याचा सदरा पाक असतो. इस्त्रीच्या झब्ब्याला न दिसणारे मूत्राचे शिंतोडे लागलेले असतील तर तो झब्बा नापाक.

आता कोणी म्हणेल, मग फकीहांनी एवढ्या मळक्या वस्तूंना पाक का म्हणावे? जरा कडक व्हायला काय हरकत होती? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलुखात राहणाऱ्या माणसाला लवकर समजावे.

ह. अबू हुरैरा (रजि.) एकदा मदीनेच्या वाटेवर होते आणि त्यांच्यावर गुस्ल फर्ज होता. समोरून प्रेषित मुहम्मद (स.) येताना दिसले. आपण अशा अवस्थेत आहोत, या संकोचाने ते हळूच बाजूला झाले, घरी गेले, स्नान करून परतले. प्रेषितांनी (स.) विचारले, कुठे गेला होतास? त्यांनी कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) आश्चर्य व्यक्त केले आणि श्रद्धावान माणूस नापाक होत नसतो, अशा आशयाचे उद्गार काढले. बुखारी व मुस्लिम दोन्हींमध्ये ही हदीस आहे. बहुसंख्य फकीहांनी यापुढे जाऊन सांगितले की, हे केवळ मुसलमानापुरते नाही. माणसाचा देह, त्याचा घाम, त्याची लाळ, त्याचे उष्टे पाणी मूळात पाक आहे, तो कोणीही असो.

ज्या भूमीत शतकानुशतके माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, पाणवठे निराळे राहिले, कपबशी निराळी राहिली, तेथे “माणसाचा घाम पाक आहे” हे वाक्य केवळ वुजूच्या प्रकरणातला एक मसला राहत नाही. त्यामुळे मी त्या वाक्याला कधीही ढिले करणार नाही. दादीच्या नाकाशी माझे भांडण नाही. त्यांच्या शब्दाशी आहे. कापडाला वास येतो, एवढे त्या म्हणाल्या असत्या तर त्या पूर्ण खऱ्या होत्या. “नापाक” म्हटल्याबरोबर नातीच्या चेहऱ्यावरचा घाम आणि लादीवरची घाण एका रांगेत बसली.

पण नातीने ज्या शब्दाचा आधार घेतला, तोही तिला पुरणारा नव्हता. पाक आहे म्हणजे माझी नमाज होते. तो माझा आणि माझ्या रब्बचा व्यवहार आहे आणि त्यात अल्लाहने सवलत दिली आहे. मुरुमाच्या रक्ताचा ठिपका मला माझ्या नमाजसाठी माफ झाला. धाकट्या बहिणीच्या गालासाठी तो माफ झालेला नाही. तेथे हुकूकुल-इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, सुरू होतात.

पाक असलेल्या आणि हलाल असलेल्या वस्तूवरही मर्यादा येते, याचे उदाहरण म्हणून मी लसणाच्या हदीसकडे पाहतो. कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मस्जिदमध्ये येऊ नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा लोकांना वाटले की लसूण हराम झाला. प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, अल्लाहने हलाल केलेली वस्तू हराम करण्याचा अधिकार त्यांना नाही, त्यांना त्याचा वास अप्रिय आहे. लसूण तोच, पाक आणि हलाल. खाणाऱ्याची नमाजही घरी होतेच. तरीही त्याला मस्जिदपासून दूर राहायला सांगितले गेले, कारण शेजारी दुसरा माणूस उभा आहे.

जुमाच्या गुस्लची कथा याहून जवळची आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी तिचे कारण सांगितले आहे. सुरुवातीच्या काळात लोक मेहनतीची कामे करीत, पाठीवर ओझी वाहत, अंगात लोकरीचे कपडे असत. मस्जिद अरुंद होती, छप्पर ठेंगणे होते. उकाड्याच्या दिवशी घामाने एकमेकांना त्रास होऊ लागला, तेव्हा प्रेषितांनी (स.) जुमाच्या दिवशी स्नान करून, असेल तर सुगंध लावून येण्यास सांगितले. येथे विचार करावा. कष्ट करून आलेल्या त्या सहाबांच्या (रजि.) घामाला प्रेषितांनी (स.) नापाक म्हटले नाही, म्हणणे शक्यच नव्हते. आणि घाम पाक आहे म्हणून सगळ्यांनी सोसून घ्यावे, असेही म्हटले नाही.

मी दोन्ही वेळा जे विसरलो, ते इतके साधे होते.

या कापडाबाबत आणखी एक गोष्ट आहे. इतर कपडे मळतात ते वापरामुळे. हे कापड मळण्यासाठीच असते. त्याचे कामच घाण आपल्याकडे घेणे हे आहे. मुलीने वापरलेले कापड ज्याला मायक्रोफायबर म्हणतात त्या प्रकारचे होते. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू त्यात असतात. त्या तंतूंच्या फटींत काजळ, तेल, मृत त्वचा अडकते, म्हणूनच ते साबणाशिवाय चेहरा पुसू शकते. पण ज्या गुणामुळे ते घाण पकडते, त्याच गुणामुळे ते घाण सोडतही नाही. नळाखाली खळबळल्याने काजळाचा रंग फिकट होतो, तेल मात्र पाण्याने सुटत नाही. त्यात खिळ्यावर चुरगळून लटकलेले कापड आतून ओलेच राहते. ओल, ऊब आणि तेल, जंतूंना याहून अधिक काही लागत नाही. वास येतो तो त्यांचाच. दुसऱ्या दिवशी तेच कापड स्वच्छ पाण्यात बुडवून मुलगी पापण्यांवरून फिरविते.

डोळा ही किती नाजूक वस्तू आहे, हे खुपऱ्यांच्या रोगावरून समजावे. इंग्रजी डॉक्टर त्याला ट्रॅकोमा म्हणतात. हा रोग बोटांवरून, माश्यांवरून आणि तोंड पुसण्याच्या सामाईक कापडावरून एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो, आणि वारंवार झाला तर पापणी आत वळून बुबुळ घासले जाते व माणूस आंधळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाविरुद्ध जे चार उपाय ठरविले, त्यांत शस्त्रक्रिया व औषधांच्या बरोबरीने चेहऱ्याची स्वच्छता हा स्वतंत्र उपाय आहे. आपल्या देशात हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरलेला नाही, असे त्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. अल्लाहचे आभार. परंतु आईच्या पदराने आणि घरच्या एका पंचाने पिढ्यान्‌पिढ्या किती डोळे गेले असतील, आणि तो पदर व तो पंचा पाकच होता, हे आठवले की मन थरारते.

शुद्धीचे साधन स्वतः धुवावे लागते, ही शिकवण आपल्याकडे नव्हती असे नाही. ह. आयशा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) मिसवाक करीत आणि मग ती धुण्यासाठी त्यांच्या हाती देत. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. आपण मिसवाकच्या फजीलतवर तासभर बयान करतो. ती धुतली जात असे, हे मी तरी कोणाच्या बयानात ऐकलेले नाही. माझ्या स्वतःच्याही नाही. झोपेतून उठल्यावर भांड्यात हात बुडविण्यापूर्वी तो तीनदा धुवावा, कारण रात्री हात कुठे होता हे माणसाला माहीत नसते, हीदेखील तशीच शिकवण. हाताला कोणी नापाक म्हटले नाही. माहीत नाही, एवढेच म्हटले. आणि ज्या पाण्यातून पुढची शुद्धी व्हायची आहे, त्यासाठी “माहीत नाही” हे कारण पुरेसे मानले.

येथे थांबून एक धोका सांगितला पाहिजे, नाहीतर हे वाचून काही घरांत पाण्याची टाकी रिकामी होईल. वसवसा हा आजार मी जवळून पाहिला आहे. मदरशातील माझा एक सहाध्यायी एकच लुंगी पुनःपुन्हा धूत असे. बाहेर रांग लागे, तकबीर होई, तरी त्याचा नळ चालूच. शंकेने खात्री नष्ट होत नाही, हा फिकहचा पायाभूत नियम त्याला आमच्याहून चांगला पाठ होता. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे जेमतेम ओंजळभर पाण्यात, वुजू करीत, हेही त्याला माहीत होते. पण ज्ञानाने त्याचा हात थांबत नव्हता. त्याच्याविषयी बोलताना मला दया येते, हसू येत नाही. मात्र त्याच्याकडे पाहून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वसवसा असलेल्या माणसाला रांगेतले लोक दिसत नाहीत. त्याची सारी काळजी स्वतःच्या नमाजची असते. धुणे खूप, पण दुसऱ्यासाठी काहीच नाही. माझा आजार याच्या उलट दिसत होता. मी “पाक आहे” म्हणून मोकळा होत होतो. तरी आतून आम्ही दोघे सारखेच होतो. मलाही रांगेतला माणूस दिसला नव्हता.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. प्रत्येकाचे कापड वेगळे असावे, असे आज डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. परंतु “वेगळे” हा शब्द आपल्या मुलुखात निष्पाप नाही. प्रेषित (स.) आणि ह. आयशा (रजि.) एकाच भांड्यातून स्नानाचे पाणी घेत. आपली दस्तरखानाची रीत एका थाळीची आहे. तिथे वेगवेगळे रुमाल आणून ठेवले, तर काही वृद्धांना ते बिरादरी तुटल्यासारखे वाटते. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. एका सुखवस्तू घरी मी दुआसाठी गेलो होतो. हात धुतल्यावर यजमानांनी स्वच्छ नॅपकिन दिला. धुणीभांडी करणारी बाई तिथेच काम करीत होती. तिने पदराला हात पुसले. तिच्यासाठी चहा आला तो मागील दारी ठेवलेल्या एका निराळ्या कपात. मी पाहतो आहे असे लक्षात आल्यावर यजमान म्हणाले, “मौलाना, हायजीन हो. आजकाल जंतू किती!” घरातली इतर माणसे मात्र एकमेकांच्या कपातून चहा पीत होती. ते जंतू बाईच्याच ओठांवर तेवढे होते.

तेव्हापासून मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. कापड प्रत्येकाचे वेगळे आहे की कुणा एकाचेच? घरातल्या पाच माणसांची पाच कापडे, कामावर येणाऱ्या बाईसाठी सहावे, तेही त्याच दोरीवर, तर ती नजाफत. पाच जणांचे एक आणि बाईचे वेगळे, तर त्याला कोणतेही इंग्रजी नाव द्या, तो विटाळच आहे. आणि ज्या दीनमध्ये माणसाचे उष्टे पाक आहे, त्या दीनच्या घरात त्याला जागा नाही. पाक आणि साफ या दोन शब्दांना वेगवेगळे ठेवण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे. साफपणाच्या नावाखाली आपण माणसाला नापाक ठरवू लागतो. आणि पाकपणाच्या आधारावर माणसाला त्रास देण्याची मोकळीक घेतो. दोन्हीकडून नुकसान शेजारच्याचे होते.

मी त्या मुलीला दुसरी चिठ्ठी लिहिली. मसला तोच ठेवला. पुढे लिहिले की, वापरलेले कापड त्याच दिवशी साबणाने, कोमट पाण्यात, हाताने चोळून धुवावे. साबणाचा अंश राहू नये म्हणून दोन-तीनदा पाणी बदलावे. हनफी फकीहांनी न दिसणाऱ्या नजासतसाठी तीनदा धुऊन दरवेळी पिळण्याचे सांगितले आहे. येथे नजासत नाही, तरी पिळण्याची ती सवय उपयोगाची. कपडे मऊ करणारे द्रव्य त्यात घालू नये. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासे होते. मायक्रोफायबर उकळू नये, त्यावर गरम इस्त्री फिरवू नये. सुती असेल तर खुशाल उकळावे, पावसाळ्यात इस्त्रीनेच कोरडे करावे. खिळ्याला न अडकविता दोरीवर पसरून वाळवावे. एक ओले असताना दुसरे कोरडे हाती असेल, इतकी कापडे ठेवावीत. त्या प्रसाधनाच्या पैशांतून आणखी चार कापडे सहज येतील. धाकटीला तिचे स्वतःचे द्यावे. आणि हे धुणे आईच्या बादलीत टाकू नये. प्रेषित (स.) घरात स्वतःचे कपडे स्वतः पाहत, फाटले ते शिवत, आपल्या चेहऱ्याचा मळ आपण धुण्यात कमीपणा नाही. शेवटी दादींना माझा सलाम कळविला आणि लिहिले की, त्यांचे नाक खरे होते, शब्द तेवढा जपून वापरावा. दादी वाचून हसल्या, असे नातवाकडून कळले. लादीच्या फडक्यांतले ते कापड मात्र त्यांनी परत दिले नाही.

मस्जिदच्या टॉवेलचा प्रश्न मात्र चिठ्ठीने सुटणारा नव्हता. २०२३ च्या त्या पंधरवड्यानंतर मी एके पहाटे दोन्ही टॉवेल काढून टाकले. ज्यांनी ते दिले होते त्यांना आखातात कोणीतरी फोन करून सांगितले की, मौलानांनी तुमच्या वडिलांच्या सवाबचे टॉवेल फेकले. त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. ते मला अधिक जड गेले. मी त्यांना ह. मैमूना (रजि.) यांची हदीस सांगितली. त्यांनी प्रेषितांना (स.) स्नानानंतर अंग टिपायला कापड देऊ केले, ते प्रेषितांनी (स.) घेतले नाही आणि हातांनी पाणी झटकत ते निघाले. शाफई मसलकमध्ये गरज नसेल तर वुजूनंतर न पुसणेच अधिक पसंत केले आहे, हेही सांगितले. ते गप्प राहिले. मग म्हणाले, “मौलाना, अब्बांना थंडी सोसत नसे. म्हाताऱ्या माणसांना पुसायला लागतं. म्हणून दिले होते.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हदीसने मी त्यांना गप्प केले होते, समजून घेतले नव्हते. न पुसणे हे तरुणाला सोपे आहे. पावसाळ्यातल्या फज्रला सत्तरीच्या माणसाची दाढी ओली राहिली तर त्याला दिवसभर कापरे भरते.

शेवटी मार्ग त्यांनीच सुचविला. बारा टॉवेलांचे प्रत्येकी आठ तुकडे केले, त्यांच्या पत्नीने शिवणयंत्रावर कडा शिवून दिल्या. हे शहाण्णव रुमाल आता वुजूखान्यात एका टोपलीत घडी घालून ठेवलेले असतात. ज्याला हवा तो एक घेतो, एकदा पुसतो आणि खालच्या बादलीत टाकतो. पहिले काही दिवस लोक वापरलेला रुमाल सवयीने पुन्हा टोपलीतच ठेवीत. मग आम्ही टोपली उंच ठेवली, बादली पायाशी ठेवली आणि ते आपोआप थांबले. सुती असल्याने रुमाल उकळता येतात. दर जुमेरातला अस्रनंतर मकतबची दोन मोठी मुले आणि मी ते धुतो. ऊन नसेल तर वर्गातल्या पंख्याखाली दोऱ्या बांधतो. रुमाल कमी पडतात, त्यामुळे पावसाळ्यात सोमवारीही धुवावे लागतात. सोमवारची पाळी अजून कोणी घेतलेली नाही. ते गृहस्थ येत्या रजबमध्ये कायमचे गावी परतणार आहेत. ती पाळी आपल्यासाठी ठेवा, असे त्यांनी कळविले आहे.